खुशाली वाढवली

ठाण्यात पाऊल टाकताच मी सर्वांची विचारपूस केली ती अशी: हवालदार शेखर बोडके साहेब, गुडघा काय म्हणतो, निरगुडीचा शेक घेतला का? ठाणे अंमलदार मॅडम, सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, आता दिसते का? भागीबाई, दमा कसा आहे, झाडताना तोंडाला फडके बांधता की नाही? टायपिंग करणारा योगेश दिसत नाही, रजेवर आहे असे कळले. त्याच्या बाळाचा ताप उतरला का? यावर बोडके साहेब म्हणाले, "आजोबा, हा जबाब आहे, पत्र नाही. आधी नाव, वय." मी म्हणालो, "साहेब, योगेश रजेवर आणि तुमचं एकच बोट चालतं, म्हणून टाइप मीच करतोय. हात सुरू झाला की आधी हेच उमटतं. चाळीस वर्षांची खोड आहे." साहेब म्हणाले, "राहू द्या मग. खोडाखोड दिसली की वरचे विचारतात."

नाव सावळीराम नाथा उगले, वय ७१ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान, राहणार एसटी स्टँडच्या मागे, सिन्नर, जिल्हा नाशिक.

आज शुक्रवार दि. १२ डिसेंबर २०२५ रोजी सकाळी ११ वाजता कोणी न बोलावता, आपल्या पायाने ठाण्यात हजर होऊन पुरवणी जबाब देतो की,

मी पूर्वी स्टँडवर टेबल टाकून लोकांचे अर्ज व पत्रे लिहून देत असे. टाइप करणे व संगणक वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पाहून पाहून शिकलो, कोणी शिकवले नाही. मयत सुलाबाई रावजी गुंजाळ, वय ७४, राहणार खडकमळा, सिन्नरपासून सात किलोमीटर, यांना मी चाळीस वर्षांपासून ओळखतो. त्यांचे मालक रावजी गुंजाळ सैन्यात होते, त्यांना पाठवायची पत्रेही त्या माझ्याकडूनच लिहून घेत. रावजी वारल्यानंतर त्या एकट्या मळ्यात राहत. त्यांचा एकुलता एक मुलगा जीवन हा केनिया देशात गुलाबाच्या शेडवर सुपरवायझर आहे. तो, त्याची पत्नी उज्वला व मुलगी हर्षाली असे तिघे सहा वर्षांपासून तिकडे आहेत. जीवन मला काका म्हणतो.

सुलाबाईंना दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हते. फोन त्यांच्या कामाचा नव्हता. दोन वेळा मी दुकानातून व्हिडिओ कॉल लावून दिला. त्या स्क्रीनला हात लावून बसल्या आणि म्हणाल्या, "त्वांड दिसतंय, पर बोलणं लागत नाय. मुक्या जनावरासारखं वाटतं रं. त्यापरीस पत्र बरं." म्हणून जीवनने आईच्या नावाने एक ईमेल खाते काढून दिले व त्या दर रविवारी सकाळी एसटीने दुकानात येऊन पत्र सांगू लागल्या. मी टाइप करायचो. जीवनचे उत्तर आले की मी त्यांच्या कानाशी ओरडून वाचायचो, ते सगळ्या स्टँडला ऐकू जायचे. रिक्षावाले विचारायचे, "काय बाई, हर्षालीचा दात पडला म्हणे?"

माझ्या दुकानातील संगणकावर दीड वर्षापासून एक एजंट आहे. एजंट म्हणजे माणूस नव्हे, संगणकातला कारकून. त्याला एखादे काम ब्राउझरमध्ये एकदा करून दाखवायचे. आपण कोणती साइट उघडली, कुठे दाबले, कुठे काय लिहिले हे तो पाहून ठेवतो. त्या कामाला नाव द्यायचे. पुढे नुसते नाव घेतले की तेच काम तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा करतो. टाइप न करता बोलून सांगितले तरी त्याला मराठी समजते. दिवस व वेळ ठरवून दिली तर आपण दुकानात नसलो तरी करतो, फक्त संगणक चालू ठेवावा लागतो. बोडके साहेबांनी विचारले, "म्हणजे टेप वाजवल्यासारखं?" मी सांगितले, टेप आहे तीच वाजते. हा वाटेत काही आडवं आलं तर वळसा घालून जातो. बैलाला रस्ता ठाऊक झाला की गाडीवानाला डुलकी लागली तरी गाडी घरी येते, तसे. उताऱ्याचा एक, जातीच्या दाखल्याचा एक, शिष्यवृत्तीचा एक, असे वीस-बावीस रस्ते मी त्याला दाखवून ठेवले आहेत.

त्यात एक सुलाबाईंच्या पत्राचा होता. त्याचे नाव मी 'खुशाली' असे ठेवले होते. कारण त्यांच्या पत्राचे तोंड दर वेळी तेच असे. ते येणेप्रमाणे:

"चि. जीवन यास आईचा आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे? कंबर दुखते का? सौ. उज्वलाचे पित्त कमी झाले का? चि. हर्षालीचा खोकला गेला का, जेवते का? शेडवर तुझ्या हाताखाली जी तिकडची पोरे आहेत त्यांचे बरे आहे का, त्यांनाही विचारले म्हणून सांग. मी खुशाल आहे, माझी काळजी करू नये."

यानंतर त्या आठवड्याची हकिकत. दर रविवारी सकाळी १० वाजता सुलाबाई येत, मी 'खुशाली' म्हणे, एजंट खाते उघडी, वरचे तोंड लिही आणि हकिकतीसाठी थांबे. गेल्या पावसाळ्यात त्यांचे पाय सुजले व दोन-तीन रविवार येणे झाले नाही. तेव्हा त्यांनी शेजारच्या सविता मनोज गुंजाळ हिच्यासोबत निरोप पाठवला की पत्र चुकवू नको, पोरगं काळजी करंल. म्हणून मी एजंटला सांगून ठेवले की दर रविवारी सकाळी ८ वाजता पत्र आपोआप जाऊ दे, बाईंनी आदल्या दिवशी काही सांगितले असेल तर ते घाल, नाहीतर मागल्या पत्रातली एखादी हकिकत घाल. हे माझेच शब्द आहेत. तेव्हा ते शहाणपणाचे वाटले होते.

सविता ही सुलाबाईंच्या भाऊकीतली सून, बारावी शिकलेली. रोज दोन्ही वेळची भाकरी तीच देत असे. सुलाबाईंचा बटणाचा मोबाइलही तीच सांभाळत असे, कारण त्यांना त्याची घंटी ऐकू येत नसे.

रविवार दि. २ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी १० वाजताचे सुमारास सुलाबाई दुकानात आल्या. दिवाळी नुकतीच झाली होती व जीवन आला नव्हता. त्याचे उत्तर असे होते की दिवाळीत जमले नाही, नोव्हेंबरात रजेसाठी अर्ज टाकतो, बघू. हे मी वाचून दाखवले. आमच्यात पुढील बोलणे झाले.

त्या म्हणाल्या, "सावळीराम, बघू म्हंजी काय रं?"

मी म्हणालो, "बघू म्हणजे बघू, बाई. साहेब लोक रजा देतील तेव्हा."

त्या म्हणाल्या, "साहेबाचं नको सांगू. ह्ये पत्रानंच वाटोळं केलंय. दर आठ दिवसाला मी खुशाल हाय, खुशाल हाय लिहिती, मग त्यो कशाला यील? खुशाल माणसाला बघाया कोण येतं?"

मी म्हणालो, "मग बरं नाही असं लिहू का?"

त्या म्हणाल्या, "खोटं नको. पोरगं परमुलखात हाय, घाबरंल. पर लिहू बी नको. एक पत्र चुकलं की वाट बघंल, दोन चुकली की धावत यील. माझं लेकरू हाय, मला ठावं हाय." आणि पुढे असेही म्हणाल्या की, "त्याचं काही आलं तर उघडू नको. मला मोह होईल. आता त्यानं त्वांडानं बोलावं."

त्यांच्या डोळ्यांना पाणी आले होते. मी एजंटला बोलून सांगितले. काय सांगितले ते शब्दाला शब्द सांगणे भाग आहे, त्याचसाठी आज आलो आहे. मी म्हणालो, "खुशाली आता वाढव."

आमच्याकडे दुकान बंद केले असे म्हणत नाहीत, दुकान वाढवले म्हणतात. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतात, कुंकू सरले तरी वाढले म्हणतात. साहेब, तुमच्या घरीही असेच म्हणत असतील. त्यातून ती बाई समोर उभी. तिची खुशाली बंद कर, असे तिच्या तोंडावर म्हणायला माझी जीभ रेटली नाही. तिला ऐकू येत नव्हते हे खरे. पण मला येत होते.

एजंटने स्क्रीनवर लिहिले, "खुशाली वाढवली आहे." मी ते सुलाबाईंच्या कानाशी मोठ्याने वाचले, "वाढवली म्हणतोय." त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता यील." मी त्यांना पाणी द्यायला उठलो. त्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, ती मी वाचली नाही. ती अशी होती: "यापुढे दररोज सकाळी ८ वाजता पाठवली जाईल."

दि. ३ नोव्हेंबरपासून दररोज सकाळी ८ वाजता जीवनला आईचे पत्र जाऊ लागले. मी दुकान १० वाजता उघडतो. त्या खात्यात काही उघडू नको असे बाईंनीच सांगितल्याने मी तिकडे पाहिले नाही. मला काही माहीत नव्हते, सुलाबाईंना नव्हते, सवितालाही नव्हते.

दि. ९ नोव्हेंबर रोजी सुलाबाई दुकानात आल्या. पत्र सांगायचे नव्हते, तरी आल्या. म्हणाल्या, "आज पहिलं चुकलं. आता त्यो बायकूला म्हनत आसंल, आईचं पत्र कसं नाय." चहा घेऊन खुशीत गेल्या. दि. १६ रोजी आल्या तेव्हा म्हणाल्या, "दुसरं चुकलं. घर सारवून घेतलं. सविताला म्हनलं, कुरडया काढून ठिव." दि. २३ रोजी आल्या तेव्हा दुकानाचा जिना चढल्या नाहीत, खालच्या पायरीवरच बसल्या. मी खाली गेलो. त्यांनी विचारले, "सावळीराम, पोराला कळलंच नसंल का रं, मी लिहीत नाय ते?"

मी म्हणालो, "कामाच्या गडबडीत असेल बाई."

त्या म्हणाल्या, "आसंल. सुखात हाय म्हनायचं." नंतर एसटी आली व त्या गेल्या. माझी व त्यांची ही शेवटची भेट.

मंगळवार दि. २५ नोव्हेंबर रोजी सकाळी ७ वाजता सविता चहा घेऊन गेली असता सुलाबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसलेल्या व गार लागल्या. डॉक्टरांनी तपासून पहाटे चारच्या सुमारास हृदय बंद पडून मृत्यू झाला असे सांगितले. याबाबत अकस्मात मृत्यूची नोंद याच ठाण्यात आहे. मला सविताचा नवरा मनोज याचा फोन आला, मी मळ्यात गेलो व सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी जीवनला फोन लावला. मी म्हणालो, "जीवन बाळा, खाली बस. आई गेली."

जीवन म्हणाला, "काका, सकाळी सकाळी ही काय थट्टा?"

मी म्हणालो, "अशी थट्टा कोण करील, बाळा?"

तो म्हणाला, "अहो आत्ता तासाभरापूर्वी आईचं पत्र आलंय. मी खुशाल आहे म्हणतेय. उज्वला, ते पत्र बघ गं, काका काय बोलताहेत बघ." उज्वलाने तिकडून पत्र वाचले, ते मला ऐकू आले. मग मी फोन सविताकडे दिला. सविता रडतच होती. तिने फोन परत माझ्या हातात दिला. फोन चालूच होता. त्यात कोंबडा ओरडल्याचे ऐकू येत होते. तो तिकडचा की इकडचा ते सांगता येणार नाही.

त्या वेळी मला वाटले की एखादे जुने पत्र वाटेत अडकले असेल. टपालाच्या काळी असे होत असे, माणूस जायचा आणि मागून त्याचे पत्र यायचे. दुःखाच्या भरात मी त्यापुढे विचार केला नाही.

जीवन दि. २७ नोव्हेंबर रोजी पहाटे आला. अंत्यविधी आदल्या दिवशी उरकावा लागला होता. त्याच सकाळी राख सावडायला आम्ही दहा-बारा पुरुष माणसे ओढ्याकाठी होतो. जीवन खाली बसून अस्थी वेचत होता. ८ वाजून १ मिनिटाने त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. हात राखेचे असल्याने त्याने मनोजला काढायला सांगितले. मनोजने काढून पाहिले आणि तो परत खिशात ठेवू लागला. जीवन म्हणाला, "वाच की." मनोजने वाचले, "चि. जीवन यास आईचा आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे? कंबर दुखते का?" तिथपर्यंत वाचून तो थांबला.

जीवन उठून उभा राहिला. त्याने एकेकाकडे पाहिले. म्हणाला, "काका इथं आहेत. आईचे फोन, कागद कोणाकडे असायचे? घरी आत्ता कोण आहे?" घरी सविता होती. सुलाबाईंचा मोबाइल तिच्याकडे होता आणि ती शिकलेली होती. मी सर्वांसमोर ओढ्याकाठी उभा असल्याने माझ्यावर कोणी संशय घेतला नाही. मीही मनात म्हणालो, मी तर तीन आठवड्यांपूर्वीच वाढवून टाकली, मग ही कोण लिहिते?

त्याच दुपारी जीवनने खात्याचा पासवर्ड बदलला व पत्रे थांबली. त्याने ठाण्यात तक्रार दिली की आईला त्रास होत असताना कोणीतरी तिच्या नावाने रोज ख्यालीखुशाली कळवून मला येण्यापासून रोखले, व संशय सविता मनोज गुंजाळ हिच्यावर आहे. सविताने तिच्या जबाबात सांगितले की, आजीने स्वतःच पत्र लिहिणे थांबवले होते, आणि ती रोज संध्याकाळी रस्त्याकडे बघून आला का, आला का विचारायची. हे कोणी खरे धरले नाही. जीवन तिला सर्वांदेखत म्हणाला, "माझ्या हातात पंचवीस पत्रं आहेत वहिनी, आणि तुम्ही म्हणता थांबवलं होतं?" भाऊकीत तिच्या हातचे पाणी घेणे बंद झाले. दहाव्याला ती लांब चिंचेखाली एकटी बसली होती.

दि. १ डिसेंबर रोजी माझा पहिला जबाब झाला. त्यात "पत्रे पाठवण्याची सोय मी दि. २ नोव्हेंबर रोजी बंद केली होती" असे आहे. मी तोंडाने "वाढवली होती" असेच म्हणालो होतो. योगेशने त्याचे "बंद केली" असे आपल्या मनाने व बरोबर टाइप केले. त्याला विचारावे लागले नाही. आईच्या मांडीवर ऐकलेला शब्द होता. बाई का लिहीत नव्हत्या, हे मला त्या दिवशी कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. पोराचे दुःख ताजे होते, त्यावर मीठ कशाला, असे वाटले. हे माझे चुकले.

मी सुलाबाईंचा नातेवाईक नाही, तरी तेरावा होईपर्यंत दुकान उघडले नाही. सोमवार दि. ८ डिसेंबर रोजी उघडले तेव्हा स्क्रीनवर लाल पट्ट्यांची रांग होती: "खुशाली चालवता आली नाही. पासवर्ड चुकीचा आहे." दररोजची एक, सकाळी ८ ची. मी खुर्चीवर बसलो. मग मागचा इतिहास उघडला व दि. २ ची ती दुसरी ओळ वाचली.

एजंट प्रत्येक वेळी स्क्रीनचा फोटो काढून ठेवतो. खाते आता उघडत नाही, परंतु फोटोंत जीवनच्या आलेल्या उत्तरांची पहिली ओळ दिसते, पुढे टिंबे. न उघडलेली अशी चार उत्तरे आहेत. मी वहीत उतरवून आणली आहेत ती अशी:

दि. ५ नोव्हेंबर: "आई, आता रोज पत्र? सावळीराम काकांना दुसरा उद्योग नाही वाटतं..."

दि. ११ नोव्हेंबर: "शेळी व्याल्याचं तू मागेही लिहिलं होतंस गं, विसरायला लागलीस का..."

दि. १७ नोव्हेंबर: "रोज चहाबरोबर तुझं पत्र वाचायची सवय लागली, हर्षाली म्हणते आजी..."

दि. २० नोव्हेंबर: "रजेचा अर्ज मागे घेतला आई. तू रोज इतकी खुशाल लिहितेस म्हणून निर्धास्त आहे, आता होळीला..."

ठाणे अंमलदार मॅडमनी विचारले की, हे तुम्हाला दि. ८ रोजी कळले, जीवन गुंजाळ दि. ९ रोजी रात्री परत गेले, मधे एक दिवस होता, तेव्हा तुम्ही त्यांना का सांगितले नाही? याचे उत्तर असे की, मी दि. ९ रोजी सकाळी मळ्यात गेलो होतो. तो आईच्या पातळांच्या घड्या घालत होता. मला म्हणाला, "काका, तक्रार मीच दिली, तरी वाटतं, शेवटचे तीन आठवडे का होईना, ती रोज आठवण काढायची, ते सगळंच कसं खोटं असेल? एवढं तरी खरं असू दे." मी "बरं बाळा" म्हणालो आणि परत आलो. खरे सांगावे तर त्याला हे कळणार की आई हाक मारत होती. न सांगावे तर त्याला वाटत राहणार की कोणा घातक्याने लिहिले. आगीतून फुफाट्यात, दोन्हीकडून त्याचेच पोळणार. मी म्हातारा माणूस, मला वाटले यंत्र बिघडले एवढेच सांगून मोकळे व्हावे. तसे सांगायची मनाशी तयारीही केली.

परंतु दि. १० रोजी सविताला तिसऱ्यांदा ठाण्यात बोलावले. परत जाताना ती दुकानाखालून गेली. मी हाक मारली, "सविता, चहा घे पोरी." ती थांबली, वर पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, तुमाला तर ठावं हाय ना, आजीनं थांबवलं व्हतं म्हणून? तिनं तुमालाच सांगितलं व्हतं. एकदा कोणापुढं तरी म्हना. मला सोडवा म्हनत नाय, पर मी खोटी नाय येवढं म्हना." मी म्हणालो, "म्हणतो." त्यावर ती म्हणाली, "कवा?"

नुसते यंत्र बिघडले म्हटले तर पत्रांचा उलगडा होतो, पण सविता खोटीच राहते. ती खोटी नाही. सुलाबाईंनी दि. २ नोव्हेंबर रोजी माझ्यासमोर पत्रे थांबवली, ती मुलगा यावा म्हणून थांबवली, व मरेपर्यंत ती थांबलेलीच आहेत अशी त्यांची समजूत होती. सविताने सांगितले ते सर्व खरे आहे. दि. ३ ते २७ नोव्हेंबरची पंचवीस पत्रे सविताने लिहिलेली नाहीत, तिला त्यांची कल्पनाही नव्हती. ती माझ्या दुकानातील संगणकावरून, माझ्या सांगण्यावरून, माझ्या बोलण्याचा वेगळा अर्थ लागून गेली. यात माझा काही लाभ नव्हता. यंत्राचाही दोष मी धरत नाही, त्याला सांगितले तसे त्याने केले. संगणक सोबत आणला आहे, तो ताब्यात घ्यावा. त्यात इतर लोकांचे दाखल्यांचे अर्ज अर्धवट आहेत, तेवढे कोणाकडून तरी पुरे करून द्यावेत, त्यांची मुले अडून राहतील.

बोडके साहेबांनी विचारले, आणखी काही सांगायचे आहे काय? सांगायचे आहे ते असे. जीवनने आईची हाक ऐकून न ऐकल्यासारखे केले नाही. हाक त्याच्यापर्यंत गेलीच नाही. उलट तिच्या नावाने त्याला रोज सांगितले गेले की काळजी करू नको, मी खुशाल आहे, आणि त्याने आईचे ऐकले. पायरीवर बसून तिने मला विचारले तेव्हा मी "कामाच्या गडबडीत असेल" असे उत्तर दिले, ते मी न पाहता दिलेले उत्तर होते. एकदा खाते उघडले असते तर तिथेच कळले असते. तिने उघडू नको म्हटले होते, मी शब्द पाळला. पाळला नसता तर बरे झाले असते.

वरील मजकूर मी स्वतः मराठीत टाइप केला आहे. बोडके साहेबांनी तो पहिल्यापासून मोठ्याने वाचला, भागीबाईही झाडू ठेवून ऐकत होत्या. एका ठिकाणी मी घाबरून "बहुतेक" असा शब्द घातला होता, तो ऐकताना खटकला म्हणून काढायला लावला. बाकी जसे घडले तसे उतरले आहे, कोणी दडपण आणले नाही. खाली सही करतो.

या जबाबाची एक प्रत सविताच्या हातात द्यावी, म्हणजे तिला भाऊकीत दाखवता येईल. दुसरी जीवनला पाठवावी, ही विनंती. ठाण्याच्या खात्यावरून पाठवावी, माझ्या नाही. माझ्या नावाचे पत्र त्याने आता उघडावे तरी का? त्याला एवढेच कळवावे की काकाने हे आपल्या हाताने लिहिले आहे, कोणाकडून लिहवून घेतलेले नाही. राग असेल तर रागाचे लिही, शिव्या दे, चार ओळी लिही, एक लिही. पण बाळा, तूच लिही, आणि लवकर लिही.

सही
सावळीराम नाथा उगले